दोन टाळू

बाळाची टाळू भरली का, हा प्रश्न आमच्या वॉर्डात रोज कुठली ना कुठली आजी विचारतेच, आणि दर वेळी मला दुसरी टाळू आठवते. मराठीत टाळू दोन आहेत ना. एक डोक्यावरची, बोट ठेवलं की मऊ लागते आणि खाली धपधप जाणवते ती. दुसरी तोंडातली, जिभेच्या वरची. पहिल्या टाळूची काळजी सगळं घर घेतं, तेल काय, कुंची काय, हात लावू नका म्हणून ओरडणं काय. दुसरीकडे बघायचं काम आमचं, नर्सचं, आणि एकदा ते माझ्याकडून राहिलं. त्याबद्दलच लिहायला बसलेय खरं तर, पण आधी निरोगी बाळ तपासतात म्हणजे नक्की काय करतात ते सांगते, नाहीतर काय राहिलं ते नीट कळणार नाही.

मी स्टाफ नर्स. जीएनएम करून १९ वर्षं झाली, त्यातली बरीचशी पीएनसीत गेली, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, सिस्टरांकडे सगळे आदराने बघतात, आणि बघावंच, ८०० ग्रॅमचं बाळ जगवणं सोपं नाही. पण आमच्या वॉर्डातली बाळं 'नॉर्मल' असतात, त्यामुळे त्यांच्यात काय एवढं बघायचं असं डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही वाटायचं. आजारी बाळ स्वतःच सांगतं, कण्हतं, निळं पडतं, दूध सोडतं. निरोगी बाळ नुसतं झोपलेलं असतं, आणि ते खरंच निरोगी आहे का, की आजार अजून वर आलेला नाही, एवढंच आपल्याला ओळखायचं असतं. मला हे जास्त अवघड वाटतं.

सुरुवात लेबर रूममध्येच होते. बाळ बाहेर आलं की १ मिनिटाला आणि ५ मिनिटांनी अपगार स्कोअर. व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूलतज्ज्ञ होत्या न्यूयॉर्कला, त्यांनी १९५२ मध्ये हा स्कोअर मांडला आणि १९५३ मध्ये तो छापून आला. त्याआधी बाळ जन्मलं की सगळ्यांचं लक्ष आईकडे, बाळ बाजूला, ते श्वास घेतंय की नाही हे बघायची काही ठरलेली रीतच नव्हती. या बाईंनी काय केलं, तर पाचच गोष्टी धरल्या, हृदयाचे ठोके, श्वास, हातापायातला जोर, चिमटा काढल्यावर तोंड वाकडं करतं का ते, आणि रंग. प्रत्येकाला ० ते २ मार्क. मशीन नाही, खर्च नाही, फक्त कुणीतरी घड्याळ बघत बाळाकडे बघत उभं राहायचं. मला नेहमी वाटतं की त्यांनी दिलेली मोठी गोष्ट म्हणजे तो आकडा नाहीच, एका माणसाला बाळाजवळ थांबायला लावलं ती. आणि पहिल्या मिनिटाला १० पैकी १० क्वचितच मिळतात बरं का, कारण हातपाय थोडा वेळ निळसर असतातच, त्यामुळे ८ आलेत म्हणून बापानं तोंड पाडायचं कारण नाही, हे मी कितीतरी बापांना सांगितलंय.

पण अपगार म्हणजे दारात उभं राहून केलेली चौकशी. खरी तपासणी नंतरची, डोक्यापासून पायापर्यंत, आईच्या कॉटवर बसून. तिला एक क्रम आहे. पुस्तकात वरून खाली लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बाळ शांत आहे तोवर शांतपणे करायच्या गोष्टी उरकून घ्यायच्या, रडवणाऱ्या गोष्टी शेवटी. आधी काहीही न उघडता, हात न लावता, नुसतं बघायचं. रंग कसा आहे, मुठी कशा आहेत, दोन्ही हात सारखे हलतायत का, पाय बेडकासारखे दुमडलेत का. नऊ महिने गोळा होऊन राहिलेलं बाळ दुमडलेलंच असणार, जे बाळ सुट्टं, सैल, कापडासारखं पडलेलं असतं त्याची मला काळजी वाटते. हे बघायला अर्धा मिनिट लागतो, पण तो अर्धा मिनिट नुसतं उभं राहणं वॉर्डात जमत नाही, मागून कुणीतरी सिस्टर सलाईन संपलं म्हणून हाक मारत असतंच.

मग श्वास मोजायचा, पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण या वयात श्वास एका लयीत नसतोच, भराभर घेतात, मग पाच-सात सेकंद थांबतात (आईचा जीव तिथं वर येतो), मग पुन्हा सुरू. २० सेकंदांपेक्षा जास्त थांबलं किंवा थांबताना निळं पडलं तर मात्र धावायचं. मिनिटाला साधारण ३० ते ६०, त्याच्या वर सतत जात असेल, छाती आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील तर नॉर्मल म्हणायचं नाही. हे एक मिनिट मोजणं किती मोठं काम आहे ते आपल्या गडचिरोलीनं दाखवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं, वजन, ताप, श्वास, दूध ओढतंय का, सगळं. ज्या सुइणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांची पट्टी केली होती, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्या गावांत महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आलं, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई दवाखान्यातून घरी गेलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बघायला जाते ना, त्याचं मूळ तिथं आहे. मी ट्रेनिंगला असताना हे कुणी सांगितलं नव्हतं, नंतर कळलं, आणि तेव्हापासून घड्याळ लावल्याशिवाय मी श्वास मोजलेला नाही.

श्वास झाला की स्टेथो, तोही आधी तळहातात धरून गरम करून. ठोके १२० ते १६०, गाढ झोपेत १०० पर्यंतही उतरतात. मग हाताची मागची बाजू आधी पोटाला, मग तळपायाला. दोन्ही गरम, छान. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ थंडी झेलतंय, आईच्या छातीशी उघड्या अंगानं लावा, टोपी घाला. दोन्ही गार असेल तर गडबड आहे. मोठ्या माणसासारखं बाळाला कुडकुडता येत नाही, ते आतली चरबी जाळून ऊब करतं, त्यात साखर संपते, मग ते सुस्त होतं, मग दूध ओढत नाही, आणि घरचे म्हणतात, किती गुणाचं बाळ आहे, रडतच नाही. हे 'गुणाचं बाळ' ऐकलं की मी आधी जाऊन पायाला हात लावते. थर्मामीटरनं ३६.५ ते ३७.५ हवं, पण हाताला सवय झाली की थर्मामीटरच्या आधी कळतं.

वजन, लांबी, डोक्याचा घेर हे पटकन होतं. डोकं ३३ ते ३५ सेंटिमीटर, छाती त्याहून दोनेक सेंटिमीटरनं कमी. वजनाचं मात्र घरी भांडण होतं. पहिल्या दिवशी २ किलो ९०० असलेलं बाळ तिसऱ्या दिवशी २ किलो ७०० भरलं की सासू म्हणते हिला दूधच नाही, आणि सून रडायला लागते, आणि रडली की पान्हा आणखी आटतो. पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं, १० च्या पुढे गेलं तर पाजण्याकडे नीट बघायचं, आणि दहा ते चौदा दिवसांत ते परत भरून यायला हवं. मी आता वजन करताना सासूलाच काट्याजवळ बोलावते आणि हिशोब तिच्यासमोर करते. चीक कमी दिसतो पण बाळाचं पोटही इवलंसंच असतं, हे एकदा तिला पटलं की सुनेच्या पाठीशी तीच उभी राहते, हे मी खूप वेळा बघितलंय.

आणि अंगावरच्या खुणा! यातला एकेक प्रकार मी आईला दाखवत बसते आणि त्यात माझा वेळ जातो, पण तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. ढुंगणावर निळे-काळे डाग असतात, आपल्याकडच्या खूप बाळांना असतात, आईला वाटतं बाळंतपणात कुणीतरी आपटलं. ते मी फाइलमध्ये आवर्जून लिहिते, कुठं आहेत, केवढे आहेत, म्हणजे पुढं कुणी मार समजू नये. दुसऱ्या दिवशी अंगावर लाल चट्टे आणि मधे पिवळट पुळी उठते, डास चावले म्हणतात, काही लावायचं नाही, आपोआप जातं. मुलीच्या लंगोटाला रक्ताचा थेंब लागतो आणि अख्खा वॉर्ड गोळा होतो, आईच्या शरीरातून आलेले हार्मोन्स कमी झाले की तसं होतं. त्याच हार्मोन्समुळे मुलगा असो की मुलगी, छाती फुगते, कधी दुधाचा थेंबही येतो, आणि ती छाती पिळायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तिथं मात्र मी ठामपणे नाही म्हणते, कारण पिळून गळू झालेली बाळं मी बघितलीत. काजळ, घुटी, बेंबीला हळद किंवा राख, याही गोष्टींना माझं नाहीच आहे. पण आजीला झिडकारून ते होत नाही. आजीनं पाच-सहा बाळं वाढवलेली असतात, तिची नजर तयार असते, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त तास ती बाळाकडे बघत असते.

हे मी कुणाकडून शिकले ते आता सांगते.

अकरा वर्षं झाली असतील. त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाइट ड्यूटी, दोघींच्या जागी मी एकटी, २६ बाळंतिणी. संध्याकाळी एक मुलगा जन्मला होता, २ किलो ८००, अपगार ८ आणि ९, रडला छान, शरीरात कुठं काही दिसत नव्हतं. रात्री मी त्याची तपासणी केली. डोक्यावरची टाळू बघितली, सपाट, छान. डोळे, कान, मान, हाताची बोटं मोजली, नाळेच्या तीन रक्तवाहिन्या लेबर रूमच्या कागदावर लिहिलेल्या होत्या, शीची जागा बघितली, पाठीचा कणा चाचपला. तोंडात बोट घातलं, पुढचा कडक भाग बोटाला लागला, बाळानं बोट चोखायला सुरुवात केली, मी बोट काढलं आणि फॉर्मवर टाळू नॉर्मल अशी खूण केली. टॉर्च औषधांच्या ट्रॉलीवर होती, ट्रॉली दुसऱ्या टोकाला होती. तेवढं अंतर मी गेले नाही. बोट मागपर्यंत नेलं नाही, जीभ दाबून मागं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा मीच ड्यूटीवर. बाळ चिडचिडं, सारखं आईजवळ, ओढतंय ओढतंय आणि दमून झोपतंय. आई वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, तिला सगळे सांगत होते की तुला धरायला जमत नाही, आणि मीही तिला तेच सांगितलं, दोनदा पकड बदलून दिली. आजी कॉटच्या पायथ्याशी खाली बसलेली होती. तिनं मला हाक मारली, "अवं बाई, जरा बगा की, ह्येच्या नाकातनं दूध येतंय." मी म्हटलं आजी, उलटी झाली असेल, बाळं करतात. त्या म्हणाल्या, "उलटी न्हाई. पितानाच येतंय. सकाळधरनं तीनदा आलंय." त्यांनी पदरानं पुसलेलं दाखवलं.

तेव्हा मी टॉर्च आणली. बाळ भुकेनं रडतच होतं, तोंड पूर्ण उघडं. पुढची कडक टाळू अखंड, आणि मागं जिथं मऊ टाळू असते तिथं मधोमध फट, पडजीभ दोन भागांत. ओठ फाटलेला असता तर लेबर रूममध्येच दिसला असता. ही बाहेरून दिसत नाही, आणि आत बघणारी मी होते.

त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. तिला धक्का वगैरे नंतर बसला, आधी ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं चुकत नव्हतं." चोवीस तास तिला आम्ही सगळ्यांनी सांगत आणलं होतं की तुझं चुकतंय. दूध भरपूर होतं तिला. पण टाळूला फट असली की तोंडात पोकळी तयार होत नाही, बाळ कितीही जोर लावो, दूध ओढलं जात नाही आणि जे येतं ते वर नाकात चढतं. मी रात्रीच मोठ्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना सांगितलं, माझी खूण खोटी होती हेही सांगितलं. शिक्षा कुणी केली नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं, बऱ्याच ठिकाणी सुटतं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

त्या रात्री दूध पाजलं ते आजीनंच. आईनं हातानं दूध काढलं, आजीनं पिशवीतून चांदीचं बोंडलं काढलं, घरातलं जुनं, बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, थोडं थोडं, गिळू द्यायचं, मग पुढचं. बोंडलं उकळून घ्या एवढंच मी सांगितलं. पाऊण तास लागला, नाकातून जेमतेम एकदा आलं. सकाळी त्याला लघवी झाली तेव्हा आम्ही तिघी हसलो.

पुढं त्याचं चांगलं झालं. २०१३ साली पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला होता, त्यात जन्मतः बघायच्या व्यंगांची यादीच आहे, दुभंगलेला ओठ आणि टाळू, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू, हृदयाचे दोष, आणि त्यात निघालेल्या बाळाचा पुढचा उपचार मोफत. त्याचं नाव त्यात नोंदवलं, वजन भरत गेलं, वर्षाच्या आसपास ऑपरेशन झालं. आजी एकदा दाखवायला घेऊन आल्या होत्या, तो माझ्या ओळखपत्राची दोरी ओढत होता. त्यांनी मला काहीही बोललं नाही, उलट डब्यातून शेंगदाण्याचे लाडू दिले, आणि मला ते तोंडात घालवेनात.

यावर मी खूप विचार केला. माणसं कमी होती हे खरं आहे आणि ते मी आजही ज्याला त्याला सांगते, एका नर्सकडे २६ आया आणि २६ बाळं म्हणजे ५२ पेशंट, बाळांना कॉट नाही म्हणून ती मोजायचीच नाहीत हे चूक आहे. पण ट्रॉलीपर्यंतचं अंतर वीस पावलांचं होतं, हेही खरं आहे. फॉर्मवरची खूण हात चालवतो तेवढ्या वेगानं होते. बघायला तेवढ्या वेगानं येत नाही. तेव्हापासून मी एक बदल केला, नॉर्मल अशी खूण करायच्या ऐवजी काय बघितलं ते दोन शब्दांत लिहायचं. 'कडक आणि मऊ टाळू अखंड, टॉर्चनं बघितली.' 'डाव्या ढुंगणावर निळा डाग, रुपयाएवढा.' 'पहिली काळी शी १४ व्या तासाला.' लिहायचं म्हटलं की बघावंच लागतं. ट्रेनिंगच्या मुलींनाही मी हेच करायला लावते, सुरुवातीला कंटाळतात, मग त्यांच्याच लक्षात येतं की न बघता वाक्य सुचत नाही.

टॉर्च आता माझ्या खिशात असते. तोंडातली टाळू मी सगळ्यात शेवटी बघते, कारण त्यानं बाळ रडतं, आणि रडलं की तोंड उघडतं, आत सगळं दिसतं. कधी कधी टाळूवर मोत्यासारखे पांढरे ठिपके असतात, ते काही नाही, जातात. पण मी ते आईला दाखवते. आजीलाही वाकून बघायला सांगते.

काल सकाळी एका मुलीची तपासणी करत होते, १६ तासांची, ३ किलो १००. टॉर्च लावली तशी तिची आजी मागून म्हणाली, सिस्टर, टाळू खाली गेलीय का हो, घरी गेल्यावर तेल घालू ना? मी म्हटलं, आजी, वरची छान आहे, तेल हलक्या हातानं लावा, दाबू नका. आता ही आतली बघा. त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या, आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. बाळ जोरात रडत होतं. मग म्हणाल्या, "पडजीभ एकच आहे. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं, आणि फॉर्मवर तसंच लिहिलं.